आबांच्या चंचीतली मापं

आबांच्या पुण्याला जाण्याला आमच्या आळीत ‘खेप’ म्हणत. “आबाची खेप कवा हाय?” असं कोणी आईला विचारलं, की त्या घरी काहीतरी मोडलं, संपलं किंवा झिजलं आहे असं समजायचं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. गाव चाकणपासून दोन मैलांवर, शेत कांद्याचं आणि बाजरीचं, घर चार खणांचं. महिन्यातून एकदा, शक्यतो शनिवारी, ते चाकणहून एस.टी.नं पुण्याला जात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. जाताना पिशवी रिकामी असे, येताना ती भरलेली असे, आणि तिच्यातलं आमच्या घरचं फार थोडं असे. कंदिलाची काच, चष्म्याची काडी, गुडघ्याला चोळायचं तेल, शाळेच्या गुरुजींसाठी शाईची पुडी. या पुडीमुळे माझी शनिवारची शाळा बुडाल्याबद्दल गुरुजी कधी बोलले नाहीत. पण खेपेचं मुख्य काम चपलांचं होतं. गडीमाणसांच्या जाड वहाणा गावातच होत. त्या करणारा माणूस पाय समोर ठेवून घेई आणि कातडं कापी. बायकांच्या आणि पोरांच्या चपला मात्र पुण्याच्या टिकतात, असं आळीचं मत होतं. ते खरं होतं की नाही, हे आज सांगता येणार नाही. गावच्या चपलांशी तुलना करून पाहण्याइतक्या चपला कोणाकडेच नव्हत्या.

ज्याला चपला हव्यात तो माणूस पुण्याला जात नसे. त्याच्या पायाचं माप जाई. टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत दोरा धरायचा, तिथंच तोडायचा आणि आबांना आणून द्यायचा. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून दोऱ्याला चिठ्ठी बांधून उपयोग नव्हता. त्यांनी वेगळी सोय केली होती. प्रत्येक घरचा दोरा वेगळ्या जातीचा. कोणाची सुतळी, कोणाचा अंबाडीचा वाख, कोणाच्या लुगड्याच्या काठाची चिंधी. दोरा हातात घेतला की घर आठवे आणि घर आठवलं की माणूस. हे सगळे दोरे आबांच्या चंचीत राहत. चंची म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी, तिला आत कप्पे असतात. सुपारीचा एक, तंबाखूचा एक, चुन्याच्या डबीचा एक आणि शेवटचा मापांचा. आमच्या आळीतल्या नव्या चपलांना पहिले चार दिवस तंबाखूचा वास येतो, असं सगुणाची आई म्हणायची. सगुणा माझी मैत्रीण, शेजारच्या घरातली.

मला बरोबर नेण्याचं कारण साधं होतं. मी तिसरीत होते आणि मला अडखळल्याशिवाय वाचता येत होतं. आईला ते पसंत नव्हतं. “मंजीला कशापायी एवढ्या लांब? गर्दीत पोरीचा हात सुटला तर?” आबा म्हणाले, “मला गाडीवरचा बोरड वाचता येतोय का?” “न्हाई.” “तुला?” आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “मंग जिला येतोय तिला जाऊ दे.” तेवढ्यावर विषय मिटला. नंतर कितीतरी वर्षं, वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरीसाठी मुलाखती घेताना, मला ही मुलाखत आठवत असे. इतकी थोडक्यात झालेली निवड मी पुन्हा पाहिली नाही.

खेपेच्या दिवशी आई पहाटे चूल पेटवी. भाकरी थापल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू येई आणि मी त्या मोजत असे. सहा झाल्या की उठायचं, कारण सहावी आमच्या शिदोरीतली शेवटची असे. भाकरी, लसणाची चटणी, दोन कांदे. कांदा कापून न्यायचा नाही, तो पुण्यात पोचल्यावर बुक्कीनं फोडायचा, असा आबांचा नियम. चाकणपर्यंत चालत, तिथून गाडी. गाडीत कांद्याचा, घामाचा आणि तेलाचा मिळून एक वास असे. एक कंडक्टर आबांना ओळखत होता. “काय आबा, ही कोण? वकील आणलाय का बरोबर?” “वकील न्हाई, मास्तरीन हाय,” आबा म्हणत. “तुझ्या तिकिटावर काय लिवलंय ते वाचती. फसवू नगंस.” मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली की मी बाहेर पाहू लागे. भोसरी, कासारवाडी, दापोडी, खडकी. वाटेत दिसणारी प्रत्येक पाटी आबा मला मोठ्यानं वाचायला लावत. कामाची असो वा नसो. “वाच.” मी वाचे. “म्हंजी काय?” मला अर्थ ठाऊक नसला तर मी काहीतरी जुळवून सांगे. आबा मान हलवत. त्यांना जुळवाजुळव लगेच कळे, ती कशी कळे ते मला तेव्हा समजत नसे. आता समजतं. जुळवून सांगणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो.

पुण्यात आमची वाट ठरलेली होती. शिवाजीनगरहून नदी ओलांडून चालत गावात. टांगा कधी केला नाही. आधी आळीची कामं, मग मंडईच्या कडेला बसून भाकरी, मग एका हॉटेलात एक चहा, दोन बशा. चहाबरोबर माझ्यासाठी कांदाभजी. आबा भज्यातला कांदा चाखून तो कुठल्या बाजूचा ते सांगत आणि भजी तळणाऱ्याला बोलावून खात्री करून घेत. त्याला ते ठाऊक नसे. “कांदा कुठला त्ये म्हाईत न्हाई आन भजी तळतोय,” असं आबा पुटपुटत, पण पुढच्या महिन्यात पुन्हा तिथंच जात. शेवटी उरलेल्या वेळात ‘एक बघायचं’ असे. काय बघायचं ते मी ठरवायचं, आणि त्याचा कामाशी संबंध नसला पाहिजे, एवढीच अट. एकदा आम्ही पुलावर उभं राहून तीन आगगाड्या पाहिल्या. एकदा एका गल्लीत छापखान्याच्या खिडकीशी उभे राहिलो. आत एक माणूस समोरच्या पेटीच्या घरांतून न बघता शिशाच्या अक्षरांचे खिळे उचलून लावत होता, त्याचा हात कोंबडी दाणे टिपते तसा चाले. आबा फार वेळ पाहत होते. “ह्याला बी समदी घरं तोंडपाठ हायेत,” ते म्हणाले. घरी आल्यावर आई विचारे, “काय पायलंस?” आणि मला सांगावं लागे. “लई भारी होतं” हे उत्तर आबा मान्य करत नसत. किती होतं, कोणत्या रंगाचं होतं, कोण काय करत होतं, असे ते ओट्यावरून आत ओरडून विचारत.

ज्या खेपेबद्दल लिहायचं आहे ती या सगळ्यांसारखीच सुरू झाली. तेव्हा पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं काम चालू होतं आणि आसपास आणखी एक-दोन लहान कारखाने निघाले होते. त्यातल्या एकात आळीतल्या युसूफला काम लागणार होतं. युसूफ रहिमाबीचा एकुलता मुलगा, वय वीसच्या आतलं. वडील वारलेले. दुसऱ्यांची बैलगाडी चालवून तो घर चालवत होता. आमच्या आळीत तोवर कारखान्यात कोणी गेलं नव्हतं. रहिमाबी आदल्या दिवशी माप घेऊन आली तेव्हा मी ओट्यावरच होते. माप म्हणजे पायजम्याच्या पांढऱ्या नाडीचा तुकडा होता.

“आबा, सोमवारी सकाळी हजर व्हायचंय. बूट लागत्यात. बूट न्हाई त्याला फाटकाच्या आत घेत न्हाईत म्हने. मागं एकाला तसाच माघारी धाडला, आन त्याच्या जागी दुसरा घेतला.”

“युसूफ कुठं हाय?”

“जुन्नरकडं गाडी घिऊन गेलाय. आयतवारी येतोय. जायच्या आधी माप घिऊन ठिवलं म्या.”

आबांनी नाडीचा तुकडा बोटांतून ओढून पाहिला आणि चंचीत ठेवला. त्या खेपेला चार मापं होती. सुतळी सगुणाची. वाख माझ्या धाकट्या भावाचा, बबनचा. काठाची चिंधी तुळसाकाकूंची, त्या आमच्या समोर एकट्याच राहत. आणि युसूफची नाडी.

भोसरी गेल्यावर आबांना डुलकी लागली. चंची माझ्या मांडीवर होती. मी तोंडात टाकायला सुपारी शोधत होते आणि मापं सुपारीत मिसळली होती. ती नीट ठेवावीत असं मला वाटलं. शाळेत त्या वर्षी आम्हाला टकळीवर सूत काततात ते शिकवत होते. धागा तुटला की दोन टोकांना गाठ मारायची, आणि गाठीबाहेर राहिलेले शेपटे दातांनी तोडून टाकायचे, म्हणजे सूत गुळगुळीत होतं. माझी गाठ वर्गात सगळ्यांत बारीक येत असे. मी सुतळीला वाख बांधला, वाखाला चिंधी, चिंधीला नाडी. प्रत्येक गाठ ओढून घट्ट केली आणि शेपटे तोडून खिडकीबाहेर थुंकले. मग सगळ्याची मिळून एक गुंडी केली आणि कप्प्यात ठेवली. काम चांगलं झालं होतं. आबा जागे झाले की त्यांना दाखवायची म्हणून मी वाट पाहत होते, पण खडकीला गर्दी चढली आणि ते राहून गेलं.

रविवार पेठेतल्या दुकानात आबांनी चंची उघडली. गुंडी बाहेर आली. त्यांनी ती उलगडली, चारही दोरे एका रांगेत पाहिले आणि एक गाठ बोटानं चाचपली.

“ह्ये कुनी केलं?”

“म्या. हरवू नयेत म्हनून.”

दुकानदार वाकून पाहू लागला. त्याला आधी गंमत वाटली. “अहो, हे चौघांचं मिळून एकच माप दिसतंय. एवढ्या लांब पायाची चप्पल आमच्याकडे नाही.” मग आबांचा चेहरा पाहून तो म्हणाला, “गाठी सोडा ना, त्यात काय!”

आबांनी एक गाठ नखानं सोडवली. शेपूट नव्हतं. किती तोडलं ते मला सांगता येईना. कुठं एक बोट, कुठं दोन. हे दोरे आता फक्त कोणाचे ते सांगत होते, केवढे ते सांगत नव्हते. तेव्हा मला कळलं की मी काय केलं आहे. युसूफचे बूट मी चावून गाडीबाहेर थुंकले होते.

मी रडायला लागले. आबांनी मला रडू दिलं. दुकानाच्या पायरीवर स्वतः बसले, मला समोर बसवलं आणि सुतळीचा तुकडा हातात धरून विचारलं, “सगुणाचा पाय तू पायलाय?”

“व्हय.”

“केवढा हाय?”

मी आठवू लागले. लंगडी खेळताना आम्ही दोघी भिंतीला टाचा लावून उभ्या राहत असू, पहिला डाव कोणाचा ते ठरवायला. ज्याचा पाय लांब त्याचा डाव. “माझ्यापरास एक बोट जास्त. दर टायमाला तीच जितती.” आबांनी माझा पाय पायरीवर ठेवला, पुढं एक बोट टेकवलं आणि दुकानदाराला दाखवलं. चप्पल निघाली. बबनला मी रोज आंघोळ घालत असे. त्याची टाच माझ्या मनगटाशी धरली की अंगठा माझ्या मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर येई. तीही निघाली. तुळसाकाकूंचा पाय मी कधी हातात घेतला नव्हता, पण त्यांनी अंगण सारवल्यावर ओल्या सारवणात त्यांचं पाऊल उठे आणि त्यांचं लक्ष नसताना मी त्यात माझं पाऊल ठेवून पाही. पुढं दोन बोटं जागा राहत असे. आबांनी दोन बोटं टेकवली. दुकानदार एव्हाना हसायचा थांबला होता. “पोरगी चालती-बोलती फूटपट्टी आहे,” तो म्हणाला. माझं रडू केव्हा थांबलं ते मला कळलं नाही.

मग आबांनी पांढरी नाडी उचलली. “आन युसूफचा?”

युसूफला मी रोज पाहत होते. पण तो गाडीवर असे, पाय मुडपून बसलेला, किंवा बैलांच्या पलीकडे. त्याचा आवाज, त्याचा निळा रुमाल, त्याचं शीळ घालणं मला सांगता आलं असतं. पाय नाही. पण तीन उत्तरं बरोबर आली होती आणि चौथं देण्याची मला घाई होती.

“बाबांएवढा हाय,” मी म्हणाले.

“पायलाय?”

मी नाडीकडे बघू लागले.

“मंजे, पायलाय का?”

“न्हाई.”

“मंग म्हाईत न्हाई म्हन.”

“म्हाईत न्हाई.”

दुकानदारानं मध्यस्थी केली. “मोठा नंबर न्या की. पुढं चिंधी कोंबली की झालं. पोरांना आपण देतोच की.”

“पोरांचा पाय वाढतोय,” आबा म्हणाले. “ह्याचा वाढायचा न्हाई. नोकरीचा पयला दिस, आन बुटात पाय हालतोय. यंत्रापाशी घसारला तर चिंधी येनार हाय का धरायला? ऱ्हाऊ द्या.” तीन जोड घेऊन आम्ही बाहेर पडलो. भाकरी खाल्ली, पण त्या दिवशी ‘एक बघायचं’ झालं नाही. मी मागितलं नाही.

गावात शिरल्यावर आबा आधी रहिमाबीच्या घरी गेले. पिशवी माझ्या हातात होती आणि मला दाराबाहेर थांबावंसं वाटत होतं, पण त्यांनी माझा हात सोडला नाही. “रहिमाबी, बूट आनले न्हाईत. माप आमच्याकडून खराब झालं.” एवढंच. पुढं वर्तमानपत्रात आमच्याकडून चूक झाली, की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापायची पद्धत होती. चूक कोणाची ते छापत नसत. कचेरी म्हणून चूक कबूल करायची आणि बरोबर काय ते द्यायचं. मला ही पद्धत कोणी शिकवायची गरज पडली नाही.

रहिमाबी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. “आता कुठं येळ हाय, आबा? परवा सोमवार.”

“उद्या आयतवार हाय. पोरगं घरी येतंय ना? मंग माप कशाला पायजे, पायच नेतो.”

रविवारी आम्ही सकाळपासून ओट्यावर बसलो. आबा टोपी घालून, मी शाळेचा झगा घालून. युसूफ न्याहरीच्या वेळेला यायला हवा होता. नाही आला. जेवणं झाली. रहिमाबी दोनदा येऊन रस्ता बघून गेली. दुपार कलायला लागली तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडीचं चाक वाटेत अडकलं होतं. युसूफ धुळीनं पांढरा झाला होता. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो गाडीवरून उडी मारून माझ्यासमोर उभा राहिला आणि पाय पुढं केला.

“मंजे, आता नीट बघून ठिव. पुन्यांदा कुनी इचारलं तर?”

बैल सोडायला आईनं माणूस पाठवला. आम्ही तिघं चाकणहून गाडी धरून कासारवाडीच्या फाट्यावर उतरलो आणि पिंपरीपर्यंत चालत गेलो. तिथं कॅम्पात सिंधी लोकांची पत्र्याची दुकानं होती. फाळणीत घरदार सोडून आलेली ती माणसं रविवारीही दुकान उघडं ठेवत, हे आबांना कांद्याच्या बाजारात कोणीतरी सांगितलेलं. पहिल्या दुकानात बूट नव्हते. दुसऱ्यात एक म्हातारा दुकानदार फळ्या लावायच्या बेतात होता. “बैठो बाबा, बैठो,” म्हणून त्यानं एक फळी परत काढली. पहिला जोड युसूफच्या टाचेवर अडला. दुसरा घातला पण चालता येईना. युसूफचा पाय लांब तर होताच, पुढून रुंदही होता. म्हाताऱ्यानं माळ्यावरून तिसरा जोड काढला, फुंकर मारली आणि स्वतः खाली बसून नाड्या बांधल्या. युसूफ रस्त्यावर जाऊन वीस पावलं चालला आणि परत आला. चालताना तो पायांकडे बघत होता, पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

“आबा, आवाज येतोय,” तो म्हणाला.

“यिऊ दे. फाटकावरच्याला आयकू जाईल.”

परत येताना मी युसूफच्या जुन्या वहाणेत पाऊल घालून पाहिलं, आणि घरी गेल्यावर बाबांच्या वहाणेत. युसूफचा पाय बाबांच्या पायापेक्षा दोन बोटांहून जास्त लांब होता. ही गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही.

सोमवारी युसूफला आत घेतलं. पुढं तो पिंपरीतच निवृत्त झाला. आळीतल्या बाकीच्यांना कारखान्याचं फाटक त्यानंच दाखवलं. आज त्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंनी कारखाने संपत नाहीत आणि शिफ्ट सुटली की बुटांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. मला त्या गर्दीत पहिला जोड ठाऊक आहे, एवढंच.

पुढच्या महिन्यात खेप ठरली तेव्हा मी विषय काढला नाही. मला नेणार नाहीत हे मी धरून चालले होते, आणि ते योग्यच होतं. आदल्या संध्याकाळी आबांनी हाक मारली. त्यांच्या हातात सुतळी, वाख, चिंध्या अशी जुडी होती. “ह्या खेपंपासून मापं तू घ्यायची. घरोघर जायाचं, पाय डोळ्यानं बगायचा, मंग दोरा तोडायचा. दोरा हरपला तर तू हायेस, तू हरपलीस तर दोरा हाय.” मी पाच घरं फिरले. रहिमाबीच्याही घरी गेले. तिनं पाय पुढं केला आणि मी दोरा धरत असताना माझ्या वेणीवरून हात फिरवला. मी कचेरीत किती वर्षं काढली, किती माणसांना प्रश्न विचारले, याचा हिशेब कोणी विचारला तर देता येईल. पण तो धंदा मी त्या संध्याकाळी सुरू केला.

सकाळी निघायच्या वेळी आबा ओट्यावर सुपारी कातरत होते. माझ्याजवळ सुतळीचा तुकडा उरला होता.

“पाय पुढं करा,” मी म्हणाले.

“माझा कशाला? माझं काय न्हाई आनायचं.”

“करा तर.”

त्यांनी पाय पुढं केला. टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख काळं. मी सुतळी टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली, पुन्हा एकदा पाहिली आणि तिथंच तोडली. आबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही हातांनी ताणून डोळ्यांसमोर धरली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पायांची मापं वागवणाऱ्या त्या माणसानं आपलं माप कधी पाहिलं नव्हतं.

“एवढाच हाय व्हय?” ते म्हणाले. “मला वाटलं, लई मोठा आसंल.”

मग त्यांनी ती सुतळी इतर मापांबरोबर चंचीत ठेवली, चंची गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

“चल, ऊठ. गाडी चुकंल.”